टाकण्यातली हिंसा

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. हल्ली त्या रांगेत संगणक, गिरणीची मोटर, इन्व्हर्टरसुद्धा झेंडूचा हार घालून बसतात, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्यावर पोट चालते त्याला नमस्कार करण्याची रीत चांगलीच आहे. मात्र तीच वस्तू बंद पडली की दिवाळीच्या आवराआवरीत ती मुकाट भंगारात जाते. देवाची फुटकी तसबीर असती तर आपण ती कचऱ्यात टाकली नसती, पारावर नेऊन ठेवली असती. निर्माल्यही आपण वेगळे बांधतो. म्हणजे जपून टाकणे आपल्याला ठाऊक आहे. फक्त ती काळजी वस्तूच्या पावित्र्याची असते, आणि खरे सांगायचे तर बरीचशी आपल्या माथी दोष येऊ नये याची. वस्तू जिथे जाऊन पडते तिथल्या जिवांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यात उठतच नाही.

तो प्रश्न उघडपणे विचारला तो श्रमण परंपरांनी. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात साधूसाठी पाच समिती, म्हणजे सावधपणे वागण्याचे नियम, सांगितल्या आहेत. चालणे, बोलणे, भिक्षा घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे या चारांच्या पंक्तीला पाचवी आहे उत्सर्ग, म्हणजे टाकणे. मलमूत्र असो की निरुपयोगी झालेली वस्तू, ती सोडण्याआधी जागा निरखून घ्यायची, तिथे जीवजंतू नाहीत ना ते पाहायचे. बौद्ध विनयात, म्हणजे संघाच्या नियमांतही, भिक्षुणीने भिंतीपलीकडे घाण किंवा उष्टे फेकणे हा दोष मानला आहे. पलीकडे पाहून मगच टाकले तर दोष नाही. इतक्या क्षुल्लक कृतीला नियमात जागा मिळाली यामागे एक पक्का विचार आहे. तत्त्वार्थसूत्रातच त्याचे कर्ते उमास्वाती यांनी हिंसेची व्याख्या केली आहे ती प्रमादाच्या, बेसावधपणाच्या अंगाने. मारायचा हेतू नव्हता, एवढ्याने सुटका होत नाही. पाहता येत होते तरी पाहिले नाही, दोष तिथे आहे.

आता भिंतीपलीकडे पाहू. इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास-साठ किलोची असते आणि तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते. परवानाधारक कारखान्यात ती बंदिस्त यंत्रात फुटते, आम्ल वेगळे काढले जाते, धूर गाळला जातो. बेकायदा भट्टीवर ती घणाने फोडतात, आम्ल गटारात किंवा मातीत ओततात आणि पत्रे उघड्यावर वितळवतात. शिशाची धूळ कामगाराच्या कपड्यांवर बसून त्याच्या घरी जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटनेला कुठेही म्हणता आलेले नाही. दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला सर्किट बोर्ड आम्लात बुडवून धातू काढतात, तांब्यासाठी वायरी जाळतात, त्याचीही गोष्ट हीच. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराचसा कुणाच्या तरी दारात उतरला.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: वस्तू विकली, पैसे घेतले, मालकी संपली. व्यवहारात ते खरेही आहे. पण उत्सर्गाचा नियम मालकीबद्दल बोलतच नाही, सोडण्याच्या क्षणाबद्दल बोलतो, आणि तो क्षण विकणाऱ्याच्याच हातात असतो. भंगारवाल्याच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याच्यावाचून या देशात कचरा गोळाच होणार नाही. म्हणूनच त्याला विकण्यात वावगे काही नाही. माल पुढे कुठे जातो हे न विचारण्यात आहे. तिसरे म्हणणे असे, की 2022 च्या ई-कचरा आणि बॅटरी नियमांनी हा भार उत्पादकावर टाकला आहे, मग ग्राहकाने डोके का शिणवावे? भार तिथेच असायला हवा, हे मान्य. पण उत्पादकाने उभारलेल्या साखळीची पहिली कडी म्हणजे जुनी बॅटरी दुकानात परत येणे, आणि तिथे सूट मिळते त्यापेक्षा शंभर रुपये भंगारात जास्त मिळाले की ती कडी घरातच तुटते. राहिला मुद्दा नियम साधूंचा असण्याचा. गृहस्थाकडून साधूइतक्या काटेकोरपणाची अपेक्षा जैन परंपराही करत नाही, त्याची व्रते ती अणुव्रते, म्हणजे लहान व्रते. पण विषाचा व्यापार तिने श्रावकाला, म्हणजे गृहस्थालाही वर्ज्य सांगितला आहे, आणि साधूच्या झोळीत शिसे कधीच नव्हते, ते आपल्या घरात आहे.

गृहस्थापुरते हे ओझे तसे झेपणारे आहे. बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. मोबाइलची फुगलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात घालू नये, कारण घंटागाडीत दाबली गेली की ती पेट घेते आणि त्या गाडीवर माणसे असतात. अडचण आहे ती तालुक्याच्या गावी, जिथे संकलन केंद्र जवळपास नसते. तिथे चिकटपट्टीने टोके झाकलेले जुने सेल कोरड्या डब्यात, पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवून देणे आणि शहराकडे खेप होईल तेव्हा सोबत नेणे, एवढेच हातात उरते. फुगलेल्या बॅटरीला मात्र घरात थारा देऊ नये, ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लगेच पोचती करावी. योग्य जागा सापडेपर्यंत न टाकणे, हेही उत्सर्ग समितीतच बसते.