खर्चाचा हिशेब आणि परतीची वाट

(सामान्य काळातील तेविसावा रविवार : लूक १४:२५-३३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दोन दाखले देतो. बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो. लढाईला निघालेला राजाही आधी खाली बसून आपले बळ किती, हे पाहतो. शिष्याला क्रूस घेऊन चालायचे आहे. पण त्याआधी त्याने थोडे बसावे, असे प्रभूला वाटते.

या बसण्याचे मोल गिर्यारोहकांना ठाऊक असते. स्कॉटलंडच्या हायलँड्स प्रदेशातील बेन नेव्हिस हा ब्रिटनमधील सर्वांत उंच डोंगर. उंची १३४५ मीटर. हिमालयापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला असल्यामुळे सगळी उंची पायांनीच चढावी लागते. माथा बहुधा ढगात असतो आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत तिथे बर्फ राहू शकते.

म्हणून शहाणा माणूस आदल्या रात्री नकाशा उघडून बसतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला : दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. या हिशेबाने नेहमीच्या वाटेने केवळ वर जायलाच सुमारे चार तास लागतात. त्यात विश्रांती धरलेली नाही, उतरणे धरलेले नाही. जाऊन-येऊन सात ते नऊ तास होतात. डिसेंबरात तिथला दिवस मात्र जेमतेम सात तासांचा! हिशेब न करणाऱ्याला अंधार डोंगरावरच गाठतो.

खरा धोका माथ्यावर आहे. धुक्यात वाट दिसेनाशी होते. एका बाजूला उत्तरेचे उभे कडे, दुसऱ्या बाजूला खोल घळ. म्हणून होकायंत्राचे आकडे आधीच लिहून न्यायचे असतात : शिखरावरून २३१ अंशांच्या दिशेने १५० मीटर, मग २८१ अंशांच्या दिशेने उतार. वर पोहोचणे ही अर्धीच यात्रा असते. घरी परतणे ही पूर्ण यात्रा. किती वाजता मागे फिरायचे, हेही पायथ्याशीच ठरवावे लागते, कारण शिखर जवळ दिसू लागले की मन हिशेब ऐकत नाही.

संत थॉमस अक्वायनस विवेक या सद्‍गुणाची तीन कार्ये सांगतात : विचारविनिमय करणे, निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे. दाखल्यातील राजा बळ अपुरे आहे असे दिसताच तहाची बोलणी करतो. प्रभू त्याला भेकड म्हणत नाही.

आपण लग्न ठरवतो, कर्ज काढतो, मुलाला परदेशी पाठवतो. मंडपाचा, हप्त्याचा, तिकिटाचा हिशेब चोख असतो. पण दहा वर्षांनी धुके दाटेल, तेव्हा कोणत्या दिशेने चालायचे, हे आपण उजेडात लिहून ठेवले आहे का? कौटुंबिक प्रार्थना, पापनिवेदन, रविवारची मिस्सा हे आपले होकायंत्र आहे. ते वापरायची सवय स्वच्छ हवेतच लावावी लागते.

आणखी एक गोष्ट. डोंगरावर जाणारा आपली वाट आणि परतीची वेळ कुणाला तरी सांगून निघतो. तो परतला नाही, तर तिथले बचाव पथक रात्री-अपरात्री शोधायला निघते. ते सारे स्वयंसेवक असतात, मोबदला घेत नाहीत. आपला अहंकार मात्र कुणाला काही सांगू देत नाही. कर्जात बुडालेला भाऊ, व्यसनात अडकलेला मुलगा कुठे आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नसते. निदान एका माणसाला तरी आपली वाट सांगा. आणि शेजारचा कुणी परतला नसेल, तर कंदील घेऊन बाहेर पडा.

प्रभू शेवटी सर्वस्वाचा त्याग मागतो. हिशेब करायला सांगणारा सर्वस्व कसे मागतो? उत्तर पाठीवरच्या पिशवीत आहे. उबदार कपडे, पाणी, नकाशा, विजेरी एवढे घ्यावेच लागते. बाकीचे ओझे पायथ्याशी ठेवले तरच चढ चढवतो. काय घ्यावे आणि काय सोडावे, हे कळण्यासाठी या आठवड्यात थोडा वेळ प्रभूच्या चरणांशी बसू या. आमेन.