यंत्रास साध्य असते काय?

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व नित्य आहेत, हा आपल्या शास्त्राचा पाया होय. त्यांपैकी प्रपंच जड. परंतु जडाच्या गुंतागुंतीच्या रचनेतूनच हेतू उपजतो असे ठरले, तर मोक्षाचा अधिकारी जीव वेगळा मानण्याचे कारणच उरत नाही. म्हणून ही शंका उपेक्षणीय नव्हे.

पूर्वपक्ष असा. जेम्स वॅट याने १७८८ साली वाफेच्या इंजिनास गतिनियामक जोडला. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे बाहेर फाकतात, वाफेची झडप आवळली जाते व वेग उतरतो. वेग मंदावला की उलट घडते. कार्यच कारणाकडे परतून त्यास आवर घालते. १९४३ साली रोझेनब्लूथ, वीनर व बिगेलो यांनी प्रतिपादिले की, चूक कमी करीत जाणारे असे वर्तन सहेतुकच म्हणावे. पुढे १९४८ मध्ये रॉस ॲशबीचे यंत्र तर, मर्यादा ओलांडली जाताच स्वतःची अंतर्गत जुळणीही बदलून पाही.

येथे 'साध्य' शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. रचना ज्या स्थितीकडे वळते ती स्थिती, हा एक. जे न लाभल्यास कोणाची तरी हानी होते ते, हा दुसरा. पहिला अर्थ यंत्रास लागू पडतो, हे निःशंक मान्य करावे. दुसरा लागू पडत नाही. नियामक बिघडला तर हानी गिरणीधन्याची; गोळ्यांचे काय गेले? ॲशबीच्या यंत्राच्याही मर्यादा ॲशबीनेच आखल्या होत्या. गुंतागुंत वाढल्याने साखळी लांबते, भोक्ता उत्पन्न होत नाही.

कोणी म्हणेल, जीवाच्या वासनाही त्याने कोठे निवडल्या? खरे आहे, म्हणूनच तो बद्ध. परंतु देहाकडे पाहा. उष्णतामान सुमारे ३७ अंशांवर राखणे, क्षुधा लागताच अन्नाकडे वळणे, हे देहाचे नियमन जीवाला न विचारता चालते. तरीही व्रतस्थ पुरुष क्षुधा जाणूनही अन्न नाकारतो. देहाने नेमलेले साध्य जो दुःख सोसून बाजूस सारतो, तो देहाहून वेगळाच असला पाहिजे.

साधकांनी हा विवेक स्वतःकडेही वळवावा. वेळ झाली की ओठ हलतात, चुकले की अस्वस्थता येते, म्हटले की ती शमते. एवढेच घडत असेल, तर ते स्मरण नियामकाच्या गोळ्यांचे फिरणे होय. ईश्वराच्या वियोगाचे दुःख जेथे जागे आहे, तेथेच साध्य आहे.