दुवा बदलला, ओळख कशी टिकली?

रुग्णाला वॉर्डातून अतिदक्षता विभागात नेताना अंगावरचा वायरलेस सेन्सर हृदयाचे ठोके पाठवतच असतो. वाटेत एका अ‍ॅक्सेस पॉइंटची कक्षा संपते, दुसऱ्याची सुरू होते. वाय-फायवर उपकरण सहसा एका वेळी एकाच पॉइंटशी जोडलेले असते. सांध्यावर क्षणभर ते कुणाचेच नसते. मग पलीकडे उमटणारा आलेख त्याच रुग्णाचा, हे कशावरून?

प्रश्न जुना आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद विचारतो, तान्हे मूल आणि वाढलेला माणूस एकच की वेगळे? भिक्खू नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतात. पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहरी उरत नाही, तरी दोन्ही एकाच दिव्याच्या आधाराने जळतात. टिकते ती सलगता. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना एवढे पुरत नाही. डोळ्यांनी पाहिलेले आणि हातांनी स्पर्शलेले एकच, हे ओळखायला दोन्ही अनुभवणारा कुणी एक हवा, असे न्यायसूत्रांचे म्हणणे.

२००८ साली मंजूर झालेले वाय-फायचे ८०२.११आर मानक नागसेनांच्या बाजूचे वाटते. त्यात उपकरणाची पूर्ण पडताळणी वाय-फायच्या जाळ्यात शिरताना एकदाच होते. त्यातून निघालेल्या मूळ सांकेतिक किल्लीवरून पुढच्या प्रत्येक पॉइंटसाठी नवी किल्ली घडते. त्यामुळे खंड फार थोडा पडतो.

पण हाच सेन्सर चुकून शेजारच्या रुग्णाला लावला, तरी किल्ल्यांची साखळी अखंडच राहील. जाळे उपकरणाला ओळखते, माणसाला नाही. म्हणून सेन्सर लावताना परिचारिकेने रुग्णाच्या मनगटावरची पट्टी वाचून नाव पडताळणे अपरिहार्य आहे.