जास्तीचे तांदूळ आणि चढता समुद्र



मिसरोद हे भोपाळच्या दक्षिणेचे उपनगर, नर्मदापुरमच्या रस्त्यावरचे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच. तेथे राहणाऱ्या मराठी माणसाला समुद्र चढत असल्याची भीती घातली, तर तो हसेल. सोलापूर-लातूरचे आपणही हसू. तरीही विचारतो : ज्या पाण्याने आपले अंगण कधी भिजणार नाही, त्याचा दोष आपल्या पदरी येतो काय?

शिवशरणी आयदक्की लक्कम्मांची कथा आपण जाणताच. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक घेऊन आले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत करावयास धाडले. तांदूळ चोरीचे नव्हते, कोणी तक्रारही केली नव्हती. गरजेहून अधिक होते, एवढाच अपराध.

आता आपली झोळी पाहू. खांडवा जिल्ह्यात २५२० मेगावॅटचे एक औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यास नाव दिले आहे निमाडच्या संत सिंगाजींचे! संताच्या नावाने कोळसा जळतो आणि गावोगाव दिवे लागतात. गरिबाच्या घरातील एक दिवा हे त्याचे रोजचे तांदूळच होत. त्याविषयी मी अवाक्षर काढणार नाही. पण लग्नसराईत पाहुणे निघून गेल्यावरही मॅरेज गार्डनमध्ये पहाटेपर्यंत झगमगणारी रोषणाई? ती कोणाच्या गरजेची?

कोळशाच्या धुरातील कर्बवायू उष्णता धरून ठेवतो. तापलेले पाणी फुगते, बर्फ वितळून सागरास मिळते. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला. म्हणजे जवळजवळ एक वीत. आपणास ती वीत क्षुल्लक वाटेल. परंतु रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडे शेतकरी मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखतात. त्यास खारबंदिस्ती म्हणतात. तेथे वीतभराने बांधाचे भवितव्य ठरते, कारण प्रत्येक उधाण आता वरच्या पायरीवरून सुरू होते. बांध फुटला की मीठ जमिनीत मुरते आणि पुढे काही वर्षे भात नीट येत नाही. बांध केवळ समुद्रामुळेच फुटतात असे नव्हे. डागडुजीची हेळसांडही असतेच. पण हेळसांडीचा दोष दाखवून आपली सुटका होत नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकेतला माणूस आपल्या कितीतरी पट धूर सोडतो. आधी त्याला सांगा. खरे आहे, त्याचे ऋण मोठे आहे आणि ते त्याच्याकडे मागितलेच पाहिजे. परंतु शेजाऱ्याच्या झोळीत किती आहे, हे लक्कम्मांनी पाहिले नव्हते.

मला अडते ते याच्याही पुढे. मारय्यांना परत जावयास अंगण होते; तांदूळ ठेवले आणि मोकळे झाले. आपण सोडलेल्या कर्बवायूचा बराच भाग शेकडो वर्षे हवेत राहणार. आज सारे दिवे मालवले तरी समुद्र लगेच उतरणार नाही. मग परत काय करावयाचे, आणि कोणाला? निदान ज्याचे शेत खारे झाले त्याच्या बांधाची माती आपल्या दासोहात धरावी, असे माझ्या मनात येते. आजवर दासोहाचा हिशेब आपण पंक्तीत बसलेल्यांपुरताच ठेवला. पेणचा तो शेतकरी आपल्या पंक्तीस कधी आलेला नाही. त्याच्या भाताची किंमत मात्र आपल्या दिव्यांत जळते आहे.