एका नमुन्याचे दोन भाग

जन्माची वर्दी देण्याचा सरकारी नमुना नीट पाहिला तर त्याचे दोन भाग दिसतात. पहिल्यात बाळाची जन्मतारीख, लिंग, जन्माचे ठिकाण, आईवडिलांची नावे. ही कायदेशीर माहिती. दाखला हिच्यावरून मिळतो. दुसऱ्यात आईचे वय, तिचे शिक्षण, बाळंतपण कोणी केले, बाळाचे वजन किती भरले. ही सांख्यिकी माहिती. ती वरच्या कार्यालयात जाऊन कोष्टकांत मिसळते. एक भाग बाळाच्या हक्काचा, दुसरा सगळ्यांच्या आरोग्याचा. हे दोन विचार एका कागदावर यायला फार काळ जावा लागला.

आधी आली मोजणी. लंडनच्या जॉन ग्रॉन्ट या कापडव्यापाऱ्याने १६६२ साली बाप्तिस्म्यांच्या आणि मृत्यूंच्या याद्यांवरून पुस्तक लिहिले आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात हे आकड्यांनी दाखवले. त्या याद्यांनी बाळाला मात्र काहीच दिले नाही. आपल्याकडे १८८६ चा नोंदणी कायदा आला, तोही ऐच्छिक. ज्यांच्या घरी जोशी येत त्यांच्याकडे पत्रिका असे. बाकीच्यांचे वय दुष्काळाच्या नाहीतर प्लेगच्या सालावरून सांगत. मग शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकत. आजही महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेली माणसे गावोगाव भेटतात.

हे गमतीने सांगितले जाते, पण मला त्यात मोठे नुकसान दिसते. खरी तारीख नसेल तर मूल खुरटले आहे की वयानेच लहान आहे, हे डॉक्टरला कळत नाही. आणि मुलगी अठराची झाली नाही, हे बालविवाह थांबवायला आलेल्या माणसाला सिद्ध करता येत नाही. संशोधन आणि हक्क, दोन्ही त्याच तारखेपाशी अडतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावागावांत प्रत्येक जन्म आणि मृत्यू स्वतः नोंदवला. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने तर महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी कागदावर येतच नाहीत हे उघड केले. जन्मच नोंदला नसेल तर मृत्यूही सहज गळतो. 'सर्च'ने मोजले म्हणून उपाय करता आला, आणि तो लागू पडला हेही कळले: गावातल्या आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा त्यांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

१९६९ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने जन्मताच नोंद होणे हा मुलाचा हक्क मानला. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी यांसाठी जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. इथे मला काळजी वाटते. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईचे बाळंतपण फडाजवळच्या कोपीत झाले, तर नोंद त्याच गावी करावी लागते, तीही २१ दिवसांत. हंगाम संपून पट्टा पडला की टोळी बीडला परतते. वर्ष उलटले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मजुरी बुडवून, जिल्हा ओलांडून हे कोण करणार? कागदाचे मोल वाढले तसे तो नसलेले मूल अधिकच उघडे पडले. ही सक्ती आईवडिलांच्या आधी यंत्रणेवर असायला हवी.

कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीची नोंद होते. त्याच उसासाठी आलेल्या टोळीत जन्मलेल्या बाळाची वर्दी हंगाम चालू असतानाच ग्रामपंचायतीपर्यंत पोचवायची जबाबदारी कारखान्याने आणि आरोग्य खात्याने घ्यावी. दाखल्याच्या खर्चाची अडचण नाही; पहिला दाखला कायद्यानेच विनामूल्य आहे.