वाटेवर निजलेला माणूस

सौंदर्य पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागते काय? प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. समुद्र, सूर्योदय, डोंगरकडे यांवर कोणाचा मालकीहक्क नाही. ज्याला डोळे आहेत त्याने ते पाहावेत, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु तेच सौंदर्य अनुभवण्यासाठी माणसे महासागर ओलांडून येतात आणि दुसऱ्यांच्या अंगणावरून धावू लागतात, तेव्हा हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा न राहता नीतिशास्त्राचा होतो. पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर वसलेल्या हवाई बेटांच्या वाटा या प्रश्नाचा विचार करण्यास जणू मुद्दामच आखल्यासारख्या आहेत.

धावण्याचा छंद असलेल्यांच्या दृष्टीने ही बेटे म्हणजे भूलोकीचे नंदनवनच. ओआहू बेटावर होनोलुलू शहराच्या टोकाला डायमंड हेड हा मृत ज्वालामुखी समुद्रात पाय सोडून बसला आहे. त्याला वळसा घालणारा रस्ता आणि पायथ्याचे कापिओलानी उद्यान येथे पहाटेपासून धावणाऱ्यांची वर्दळ असते. १९७३ साली सुरू झालेली होनोलुलूची मॅरेथॉन याच वाटेने जाते. ४२.१९५ किलोमीटरचे हे अंतर पुरे करण्यास तेथे कालमर्यादा नाही. सूर्य कलल्यावर पोहोचणाऱ्यालाही धावकाचाच मान मिळतो. दक्षिणेच्या मोठ्या बेटावर कोना किनाऱ्याला लाव्ह्याची काळी मैदाने आणि निळा समुद्र यांच्यामधून रस्ता धावतो. कौआई बेटावर ना पाली कड्यांच्या अंगाखांद्यावरून सुमारे १८ किलोमीटरची पायवाट कलालाऊच्या खोऱ्यात उतरते.

या वाटांवर मिळणारा आनंद खोटा आहे, असे कोणी म्हणू नये. शरीर थकत असताना मन हलके होते, श्वास आणि लाटा यांची लय जुळते आणि माणसाला आपल्या क्षुद्र चिंतांचा काही काळ विसर पडतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली मांडले की, सौंदर्याचा आनंद हा हेतुनिरपेक्ष असतो. सुंदर वस्तू आपल्या मालकीची व्हावी, अशी इच्छा त्यात नसते. हे खरे मानले, तर कडा पाहत धावणारा मनुष्य निरपराध ठरतो. तो काही घेत नाही, काही मोडत नाही. पाहतो आणि पुढे जातो.

मात्र या 'पुढे जाण्या'तच एक गोम आहे. ज्याला काही नको असते, त्याला पुष्कळदा काही दिसतही नाही. डायमंड हेड या नावाचेच पाहा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खलाशांना त्या डोंगरावर स्फटिक चमकताना दिसले. ते हिरे आहेत, असा त्यांचा समज झाला. हिरे नव्हतेच, पण नाव राहिले. त्या डोंगराला आधीपासून लेआही हे नाव होते, तेथे मंदिर होते, हे जगाच्या कानी क्वचितच गेले. वाटसरूचे नाव नकाशावर चढले आणि रहिवाशाचे नाव तळटीप झाले.

या बेटांवर पूर्वी धावणारे नव्हते असे नाही. प्रत्येक बलाढ्य प्रमुखापाशी 'कुकिनी' नावाचे धावपटू असत. लहानपणापासून त्यांना शिक्षण दिले जाई आणि त्यांच्या वेगाच्या कथा आजही सांगितल्या जातात. पण ते देखाव्यासाठी धावत नसत. ते निरोप नेत. त्यांच्या पावलांसाठी टोकदार लाव्ह्यावर समुद्राने गुळगुळीत केलेले धोंडे बसवून वाटा बांधल्या गेल्या होत्या. त्या वाटा एका गावशिवारातून दुसऱ्या गावशिवारात जात. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेला प्रत्येक पट्टा कोणा ना कोणा समाजाचा पोशिंदा होता. कुकिनीला ठाऊक असे की, आपण कोणाच्या भूमीवर पाऊल ठेवत आहोत. त्याच्या धावण्याच्या दोन्ही टोकांना माणसे होती. आजच्या धावणाऱ्याच्या वाटेला सुरुवात आहे आणि शेवट आहे. माणसे मात्र असतीलच असे नाही.

याच बेटांच्या परंपरेत एक कथा आहे आणि ती आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. पुढे सर्व बेटे एकछत्री अमलाखाली आणणारा कामेहामेहा तेव्हा तरुण योद्धा होता. पुना भागाच्या किनाऱ्यावर एका धाडीत त्याने मासे पकडणाऱ्या निरपराध माणसांचा पाठलाग केला. धावता धावता त्याचा पाय लाव्ह्याच्या भेगेत अडकला. हातापायांचे बळ असूनही तो जागच्या जागी खिळला. एका कोळ्याने मागे वळून हातातले वल्हे त्याच्या मस्तकावर इतक्या जोराने मारले, की वल्ह्याच्याच चिंधड्या झाल्या. त्याला ठार करता आले असते. त्या कोळ्याने केले नाही. पुढे अनेक वर्षांनी तो कोळी राजासमोर उभा केला गेला तेव्हा राजाने त्याला शिक्षा केली नाही, स्वतःचा दोष पाहिला. त्यातून 'मामालाहोए कानावाई', म्हणजे फुटक्या वल्ह्याचा कायदा जन्मला; त्याचे साल सामान्यतः १७९७ मानतात. त्याचा आशय असा : वृद्ध, स्त्रिया आणि मुले यांना रस्त्याच्या कडेला निर्भयपणे निजता यावे. १९७८ साली हा कायदा हवाई राज्याच्या घटनेत सार्वजनिक सुरक्षिततेचे जिवंत प्रतीक म्हणून समाविष्ट करण्यात आला.

या कायद्याचा विचार करावा तितका थोडाच. रस्ता चांगला की वाईट हे आपण एरवी कशावरून ठरवतो? तो किती रुंद आहे, किती लवकर पोहोचवतो, त्यावरून काय काय दिसते यावरून. म्हणजे चालणाऱ्याच्या, धावणाऱ्याच्या सोयीवरून. कामेहामेहाने मोजमापच उलटे केले. जो धावू शकत नाही, जो थकून कडेला पडला आहे, तो सुरक्षित आहे काय, ही त्याच्या मते रस्त्याची कसोटी. आणि हे त्याला सुचले कधी? तो स्वतः धावताना अडकून पडला तेव्हा. बलवानाला एकदा तरी खिळून पडावे लागते, मगच त्याला वाटेच्या कडेची माणसे दिसतात.

ही कसोटी आजच्या काळाला लावली तर काय दिसते? २०१४ साली होनोलुलू नगरपालिकेने वायकिकी या पर्यटकांच्या भागातील पदपथांवर बसण्यास वा निजण्यास बंदी घातली. मॅरेथॉन ज्या भागातून जाते, तोच हा भाग. ओआहूवरील बेघरांमध्ये मूळ हवाई लोकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे. ज्या भूमीवर त्यांच्या पूर्वजांना रस्त्याच्या कडेला निजण्याची हमी राजाने दिली होती, तेथे निजणे हा अपराध ठरला.

बंदीच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पदपथ हे चालण्यासाठी असतात. अपंगांच्या चाकाच्या खुर्च्याही त्यावरूनच जातात. कोणाला उघड्यावर पडू देणे ही काही दया नव्हे; निवारा देणे ही दया. शिवाय पर्यटनावर हजारो कुटुंबांची चूल पेटते. या युक्तिवादात तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण एक प्रश्न उरतोच. बंदी संपूर्ण शहराला एकाच वेळी लागू झाली नाही. ती आधी देखाव्याच्या जागी आली. म्हणजे माणूस निवाऱ्याविना आहे याचे दुःख कमी होते आणि तो दृश्यात आला याचे अधिक. जे सौंदर्य दुःखिताला दृष्टीआड केल्यावाचून टिकत नाही, त्याला सौंदर्य म्हणावे की सजावट?

कौआई बेटाने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. एप्रिल २०१८ मधील महापुराने उत्तर किनाऱ्याचा रस्ता खचला आणि ना पाली वाटेच्या तोंडाशी असलेले हाएना उद्यान वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. जून २०१९ मध्ये ते उघडले तेव्हा दिवसाला ९०० पाहुणे ही मर्यादा घालण्यात आली. परक्याने आगाऊ नोंदणी करून यावे, राज्याच्या रहिवाशाला मात्र तशी अट नाही. पूर्वी दिवसाला हजारोंनी लोक येत. ज्यांचे वाडवडील त्या किनाऱ्यावर मासेमारी करीत, त्यांनाच तेथे पाय ठेवण्यास जागा उरली नव्हती. मर्यादेमुळे पाहुण्याचा अपमान झाला नाही. उलट तो पाहुणा आहे, हे त्याला आणि यजमानाला पुन्हा कळले. परवानगी मागणे म्हणजे समोर कोणीतरी राहते हे मान्य करणे होय.

आणखी एक वाट आहे. मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर जगातील अत्युच्च सागरकड्यांची रांग आहे. कड्यावरील सज्जातून खाली कालाउपापाचे द्वीपकल्प दिसते. हिरवे पठार, पांढरा फेस, दूरवर क्षितिज. छायाचित्र काढण्यास याहून सुंदर जागा शोधून सापडणार नाही. तेथून २६ वळणांची सुमारे ५ किलोमीटरची पायवाट खाली उतरते. पण याच कड्याला भिंत मानून १८६६ पासून कुष्ठरोग्यांना खाली डांबण्यात आले. १९६९ पर्यंत हा सक्तीचा नियम चालला. सुमारे ८००० माणसे तेथे पाठविली गेली, बहुतेक मूळ हवाई. वरच्या माणसाला जो देखावा होता, तो खालच्या माणसाला तुरुंग होता. कडा एकच, दृश्यही एकच.

१८७३ साली तेहतीस वर्षांचा एक बेल्जियन धर्मगुरू तेथे राहावयास गेला. फादर डेमियनने लोकांची घरे बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या केल्या. शेवटी तोच रोग अंगावर घेऊन १८८९ साली त्याच मातीत विसावला. २००९ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. आपण त्याचा त्याग आठवतो, पण त्याची दृष्टीही आठवावी. तोच समुद्र, तेच कडे त्याच्याही डोळ्यांसमोर सोळा वर्षे होते. फरक इतकाच, की त्याने ते पायथ्याशी राहून पाहिले. तेथून माणूस वगळून कडा पाहताच येत नाही.

मग धावणाऱ्याने धावू नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. आनंद हे पाप नव्हे आणि प्रत्येकाने कालाउपापाला जावे, असा आग्रहही धरता येत नाही. परंतु जो दुसऱ्याच्या भूमीवर सौंदर्यासाठी जातो, त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा करणे रास्त आहे. डोंगराचे मूळ नाव त्याने विचारावे आणि यजमानाने घातलेली मर्यादा कुरकुर न करता पाळावी. त्याहून कठीण अशी तिसरी गोष्ट आहे. पहाटेच्या अंधारात लेआहीच्या पायथ्याशी, बाकावर अथवा झाडाखाली कोणी घोंगडे पांघरून निजलेले दिसले, तर त्याला दृश्यातला डाग समजू नये. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने रस्ता ज्यांच्यासाठी सुरक्षित केला, त्यांपैकीच तो एक आहे. तेथे पाहुणा आपण आहोत, तो नव्हे.