घुबडाच्या वेषातला माणूस

गाळप हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे पहाटेच उसाच्या गाड्या लागतात. त्या वेळी रस्त्याकडेच्या तारेवर नीट पाहिले तर पिंगळा दिसतो. मूठभर देह, पिवळे डोळे, राखी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. आपल्या गावांत सर्वांत सहज भेटणारे घुबड हेच.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने आपले चिन्ह म्हणून घुबडच निवडले. १८८४ साली रसेल कॉनवेल यांनी दिवसभर राबणाऱ्या तरुणांना रात्री शिकवायला सुरुवात केली, त्यातून हे विद्यापीठ उभे राहिले. रात्री जागणारा पक्षी त्यांना आपला वाटला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली, म्हणजे त्याच्याही २९ वर्षे आधी. तरी आपल्याकडे घुबड अशुभच राहिले, याची मला खंत वाटते.

टेंपलच्या सामन्यांना ‘हूटर’ नावाचे घुबड, म्हणजे घुबडाचा वेष घातलेला माणूस, प्रेक्षकांत हिंडते. त्याचे वर्णन करायचे तर ‘मैदानात घुबड आले’ एवढ्याने भागत नाही. खऱ्या घुबडाचे डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, म्हणून ते मान जवळजवळ पाठीपर्यंत फिरवते. वेषातल्या घुबडाचेही डोळे हलत नाहीत, पण मागे पाहायचे तर आतल्या माणसाला सबंध अंगानेच वळावे लागते. पक्षी कोणता, कापड कसले, आत माणूस कसा वावरतो, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या तरच ते वर्णन खरे. वासुदेवाच्या टोपीला मोरपिसे असतात, म्हणून त्याला कोणी मोर म्हणत नाही. तो कृष्णाचे नाव घेत येतो, हे आपल्याला ठाऊक असते.

वर्णन चुकले तर काय होते, हे पिंगळ्याच्याच रानातल्या भाईबंदाने, रानपिंगळ्याने, दाखवून दिले आहे. १८८४नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला सापडलेला नव्हता. पुढे मायनरट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, तो आपल्याला १९१४मध्ये गुजरातेत मिळाल्याची नोंद केली. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. वरची चिठ्ठी तेवढी खोटी. ती नोंद बाजूला सारून पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या खऱ्या नोंदींची ठिकाणे धुंडाळली, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. साध्या पिंगळ्याचा माथा ठिपक्यांनी भरलेला, याचा जवळपास कोरा. याच्या शेपटीवरचे पट्टे रुंद, पाय दाट पिसांनी झाकलेले. एवढ्या बारकाव्यांवर त्याची ओळख पटली.

आणि आपल्याकडे पक्ष्याचे नाव घेऊन फिरणारा माणूसही आहे. कुडमुडे वाजवत, कंदील घेऊन भल्या पहाटे दारी येणारा पिंगळा. पिंगळा पक्ष्याची बोली आपल्याला कळते असे तो सांगतो आणि तिच्यावरून भाकीत करतो. त्याने ना पंख लावलेले असतात, ना चोच. तोंड उघडे, आवाज स्वतःचा. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण कंदील, पागोटे, कुडमुडे यांपाशीच थांबतात. हा पिंगळा ज्यांच्यातला, ती कुडमुडे जोशी ही महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतली जमात आहे. गावोगाव फिरण्यात पिढ्या गेलेल्या अशा घरांतल्या मुलांना शाळेसाठी, दाखल्यासाठी कायमचा पत्ता विचारला जातो. पिंगळ्याच्या वर्णनात कंदिलाइतकीच जागा या पत्त्यालाही द्यायला हवी.